चाचे, घाटी आणि परप्रांतीय

1765 साली मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग किल्ला जिंकला आणि त्याचं बारसं केलं ‘फोर्ट ऑगस्टस’. हे नाव काही रुजलं नाही. किल्ला थोड्याच दिवसांत कोल्हापूरकरांकडे परत गेला, आणि आज मालवणच्या जेटीवर फोर्ट ऑगस्टस कुठे म्हणून विचारलंत तर होडीवाला तुम्हाला भलत्याच तालुक्याची एसटी दाखवील. इंग्रजांनी या किनाऱ्याला दिलेलं दुसरं नाव मात्र चांगलं मुरलं. कोल्हापूरकरांच्या अमलाखालच्या इथल्या दर्यावर्दींना ते ‘मालवण्स’ म्हणत, आणि त्यांच्या लेखी मालवण्स म्हणजे चाचे. एखादा तांडेल किंवा सरदार नव्हे, अख्खा किनारा. 1812 मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला कंपनीने काढून घेतलं, तेही चाचेगिरीचा बंदोबस्त या सबबीखाली.

या किनाऱ्यावर लूट होत नव्हती असं कुणी म्हणू नये. गलबतं अडवली जात, माल उतरवून घेतला जाई. पण त्याच पाण्यात पोर्तुगीज काय करत होते? सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत. अरबी समुद्रात कुणी, कुठून, कुठे, काय घेऊन जायचं ते त्या कागदावर ठरे. कागद नसलेलं जहाज सापडलं की जहाजही जप्त आणि मालही. पुढे इंग्रज कंपनीनेही आपले पास काढले. कान्होजी आंग्र्यांनी तोच नियम उलट्या बाजूने लावला. आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या, म्हणाले. क्लेमेंट डाउनिंग या इंग्रजाने 1737 मध्ये आंग्र्यांशी झालेल्या लढायांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातच आंग्रे ‘पायरेट’ ठरले. कान्होजी हे छत्रपतींच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे एका राज्याचे अधिकारी, हा तपशील त्या शीर्षकात मावला नाही. पोर्तुगिजांनी केली ती जकात, आंग्र्यांनी केली ती चाचेगिरी.

आपल्याकडे याला ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा’ म्हणतात. म्हण घरगुती आहे, पण तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टी गुंतल्या आहेत आणि या प्रकरणात त्या सोडवून पाहायच्या आहेत. पहिली गोष्ट, समूहाचं आधीपासून तयार असलेलं चित्र. वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यातल्या जगाचा मोठा भाग अशाच साच्यांतून ओतलेला असतो, हे अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने 1922 च्या ‘पब्लिक ओपिनियन’ या पुस्तकात दाखवून दिलं. दुसरी गोष्ट, माप. त्या चित्राच्या आधारे एकाच कृतीला दोन मापं लावायची. साचा माध्यमं पुरवतात, माप राजकारण वापरतं, आणि दोघांचा धंदा एकमेकांवर चालतो.

साचा सत्तेच्या सोयीने कसा फिरतो, याचं कोकणातलंच एक लख्ख उदाहरण आहे. कंपनीच्या मुंबई लष्करात कोकणातले महार शिपाई होते. कोरेगावच्या 1818 च्या लढाईच्या स्तंभावर महार शिपायांची नावं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या डोक्यात ‘लढाऊ वंश’ हे खूळ शिरलं. कोण जन्मतः शूर आणि कोण जन्मतः बुळा याचे हिशेब मांडले गेले, भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार हस्तपुस्तिका निघाल्या, आणि 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली. दापोलीचे निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महार पलटण उभी राहिली, युद्ध आटोपल्यावर ती मोडली, आणि दुसरं महायुद्ध पेटल्यावर 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. पन्नास वर्षांत त्याच घरांतल्या माणसांचं रक्त दोनदा बुळं झालं आणि दोनदा शूर. रक्ताने हे कधी ठरवलं नव्हतं, गरजेच्या यादीने ठरवलं होतं.

आता मुंबईला जाऊ, कारण कोकणातला माणूस स्वतःचं चित्र पहिल्यांदा पाहतो ते मुंबईत. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता, वेगळा झाला 1 मे 1981 ला. इथून बोटीने गेलेला माणूस गिरणीत लागला तर कामगार, आणि कुणाच्या घरी लागला तर ‘रामा’. त्याचं नाव सदू असो, बाबी असो, शेटच्या घरात तो रामाच. मुंबईत ‘रामा’ हे घरगड्याचं सामान्यनाम होऊन बसलं होतं आणि त्यामागे कोकणातल्या हजारो माणसांची खरी नावं गाडली गेली. पुढे हिंदी सिनेमाने मराठी माणसाला जी कामं दिली ती फारशी निराळी नव्हती: बाई, हवालदार आणि भाईचा पंटर.

मराठी रंगभूमीनेही मालवणीला बराच काळ मागच्या दारानेच घेतलं. गडी आला की तो हेल काढून बोलायचा आणि शिवाजी मंदिर नाट्यगृह हसायचं. 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं, आणि मालवणी पहिल्यांदा नाटकाची मालकीण झाली. हे श्रेय मोठं आहे. पण माझं मत विचाराल तर त्या यशाने एक साचा मोडला आणि दुसरा घडवला. त्यानंतरच्या मालिका-सिनेमांत मालवणी माणूस शिवराळ, भांडकुदळ, कोर्टकज्ज्यात रमणारा आणि भुताखेतांनी घेरलेला असाच येत राहिला. 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा ती कोकणाची बदनामी करते, अंधश्रद्धा पसरवते, असा आक्षेप सिंधुदुर्गातून घेतला गेला. मग मालिका गाजली, आकेरीतला चित्रीकरणाचा वाडा बघायला गाड्या येऊ लागल्या, आणि आक्षेपाचा आवाज बसला. जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला आहे. भूतही त्यातच जमा झालं.

आणि इथे आमचीच एक खोड सांगायला हवी. मुंबईत कुणी ‘घाटी’ म्हटलं की मालवणी माणसाचं डोकं फिरतं. ही शिवी मुळात घाटावरून आलेल्या माणसांसाठी होती, पुढे मुंबईतल्या इतरांनी ती सरसकट सगळ्या मराठी माणसांवर चिकटवली. आम्हाला राग येतो तो नेमका कशाचा? शिवी आहे याचा, की आम्ही घाटावरचे नसूनही ती आम्हाला लागली याचा? कारण तोच माणूस मे महिन्यात गावी आला की आंबोली किंवा फोंड्याचा घाट उतरून आलेल्या मजुराला, व्यापाऱ्याला, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा बिनदिक्कत ‘घाटी’ म्हणतो. त्या शब्दात काही वाईट आहे असं त्याला तिथे वाटत नाही.

माणसाच्या मनाची ही चाल मोजली गेली आहे, आणि तीही भारतात. 1974 साली टेलर आणि जग्गी या दोन संशोधकांनी दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांना काही छोटे प्रसंग वाचायला दिले. दुकानदार फसवतो, किंवा सढळ हाताने वागवतो. घरमालक पावसात सापडलेल्याला आसरा देतो, किंवा देत नाही. प्रसंग तेच, फक्त समोरचा माणूस कधी हिंदू, कधी मुसलमान. मग विचारलं, तो असं का वागला असेल? हिंदू माणूस चांगलं वागला तर कारकून म्हणत, स्वभावच चांगला. वाईट वागला तर, काही अडचण असेल बिचाऱ्याची. मुसलमान माणसाचा हिशेब उलटा: वाईट वागला तर स्वभाव, चांगला वागला तर परिस्थिती. पाच वर्षांनी टॉमस पेटिग्रू या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने समूहांबद्दलच्या या चुकीवर सिद्धान्त मांडला, तेव्हा हा भारतीय प्रयोग त्याच्या हाताशी होता. कारकुनांच्या जागी मुसलमान, मराठी, तमिळ किंवा गोरे अमेरिकन बसवले तरी माणूस बदलेल असं समजू नये. ही चाल सगळ्यांचीच आहे. फरक एवढाच की कुणाच्या हातात वर्तमानपत्र असतं आणि कुणाच्या नसतं.

मुंबईत ते होतं. 1960 च्या ऑगस्टमध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांचं ‘मार्मिक’ हे साप्ताहिक सुरू झालं. मुंबईतल्या कंपन्या-कचेऱ्यांत वरच्या जागांवर बसलेल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात छापून येऊ लागल्या. मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती हे खरं, आणि साहेब आपल्या गावच्या माणसाला चिकटवतो ही तक्रारही खोटी नव्हती. पण यादीने भरतीच्या पद्धतीवर बोट ठेवलं नाही, नावांवर ठेवलं. मग तमिळ, तेलुगू, मल्याळी, कन्नड सगळे मिळून ‘मद्रासी’ झाले, त्यांची भाषा ‘यंडुगुंडू’ झाली आणि लुंगी हा गुन्हा झाला. 19 जून 1966 ला शिवसेना स्थापन झाली. लालबाग-परळमधली कोकणी पोरं तिच्या पहिल्या फळीत होती, आणि उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. ज्यांच्या बापाला शेटने रामा केलं होतं, त्यांनी शेटला सोडून इडलीवाल्याला धरलं. शिवसेनेच्या जन्मामागे इतरही पुष्कळ कारणं होती, त्यांना इथे जागा नाही. साचा मात्र याहून उघड क्वचितच सापडतो.

चार दशकांनी हाच सामना परदेशी मैदानावर झाला. 2009 मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. आपल्या वाहिन्यांनी ‘वंशद्वेष’ हा शब्द दिवसरात्र चालवला. जानेवारी 2010 मध्ये दिल्लीच्या ‘मेल टुडे’ने व्हिक्टोरियाच्या पोलिसाला कू क्लक्स क्लानचं टोपडं घातलेलं व्यंगचित्र छापलं आणि ऑस्ट्रेलियाचं सरकार चिडलं. त्याच महिन्यात बाळासाहेब ठाकऱ्यांनी जाहीर केलं की ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंना महाराष्ट्रात खेळू देणार नाही. हल्ले खरे होते, त्यातले काही वंशद्वेषातून झाले यातही शंका नको. पण ऑक्टोबर 2008 मध्ये, म्हणजे जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी बडवलं होतं. पक्ष वेगळा, शहर तेच. ती मुलंही घर सोडून आलेली, अंगावर परीक्षेचे कपडे घातलेली होती. मेलबर्नला वंशद्वेष म्हणणाऱ्या कितीतरी मराठी घरांत मुंबईच्या मारहाणीला भूमिपुत्रांचा हक्क म्हटलं गेलं.

दिल्लीच्या वाहिन्या मात्र दोन्हींवर तुटून पडल्या आणि स्वतःच्या अंगणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या अंगणात ईशान्येकडच्या मुलामुलींना ‘चिंकी’ म्हणणं रोजचं होतं. जानेवारी 2014 मध्ये लाजपतनगरच्या बाजारात अरुणाचलच्या एका तरुणाच्या केसांची टिंगल झाली, भांडण झालं, मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली गेली. वंशावरून अवमान करणाऱ्यांसाठी कायद्यात स्वतंत्र कलम घाला, ही तिची शिफारस कागदावरच राहिली. आपणही निर्धास्त राहू नये: ऑगस्ट 2012 मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि अफवांनी घाबरलेली मुलं मिळेल त्या गाडीने गावी निघाली होती.

सिंधुदुर्गाला सर्वात जवळचं उदाहरण तेरेखोल नदीच्या पलीकडचं आहे. ऑक्टोबर 2013 च्या अखेरीस गोव्यात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तोच महामार्ग जो कुडाळ-सावंतवाडीतून गोव्यात उतरतो. शवागाराकडे नेला जाणारा मृतदेह रस्त्यावर आला, लोकांशी आणि पोलिसांशी झटापट झाली, आणि पुढचे कित्येक दिवस गोव्यात एकच विषय होता, नायजेरियन. भिंतींवर त्यांना घालवण्याचे फलक लागले. दयानंद मांद्रेकर हे तेव्हा राज्याचे मंत्री. त्यांनी नायजेरियनांची तुलना कर्करोगाशी केली आणि ओरड झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली. मूळ बातमी खुनाची होती, मेलेला माणूस नायजेरियन होता, तरी दोन दिवसांत नायजेरियन हे पीडितांचे आरोपी झाले.

अमली पदार्थांच्या धंद्यात नायजेरियन नव्हते का? होते. पण 2010 मध्ये एका इस्रायली विक्रेत्याशी साटंलोटं असल्याच्या आरोपावरून गोवा पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी विभागातलेच लोक निलंबित आणि अटक झाले होते. तेव्हा कुणी इस्रायल्यांना कर्करोग म्हटलं नाही, पोलिसांनाही नाही. इस्रायली माणूस किनाऱ्यावर पाहुणा दिसतो. काळा माणूस तसा दिसत नाही.

यामागची यंत्रणा 1976 मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी फार साध्या प्रयोगातून उघडी केली. लोकांना 39 वाक्यं वाचायला दिली. 26 वाक्यं ‘अ’ गटातल्या माणसांबद्दल, 13 ‘ब’ गटातल्या. अ गटाची 18 कामं चांगली आणि 8 वाईट. ब गटाची 9 चांगली आणि 4 वाईट. म्हणजे प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत सारखं. गटांना नाव नाही, रंग नाही, इतिहास नाही, कुणाचा कुणावर राग नाही. तरीही वाचून झाल्यावर लोकांना ब गट जास्त वाईट वाटला, आणि वाईट कामं आठवताना त्यांनी ती ब गटाच्या खात्यावर जास्त टाकली. कारण काय, तर ब गट संख्येने कमी म्हणून लक्ष वेधून घेणारा, वाईट कृत्यही कमी म्हणून लक्ष वेधून घेणारं. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या स्मरणात रुतून बसतात. द्वेष नसतानाही हे घडतं, हा त्या प्रयोगाचा खरा धक्का. आता त्यात मथळा मिसळा. शंभर चोऱ्या स्थानिकांनी केल्या तर ‘घरफोडी, दोघांना अटक’. एक चोरी नेपाळ्याने केली तर ‘नेपाळी टोळी गजाआड’. वाचणाऱ्याने काय लक्षात ठेवावं, हे मथळ्यानेच ठरवून टाकलेलं असतं. पत्रकारितेसाठी भारतीय प्रेस कौन्सिलचे लिखित निकष आहेत. व्यक्तीची जात वा वर्ग कमीपणा आणणाऱ्या रीतीने सांगू नये, हे त्यांत स्पष्ट आहे. ते निकष किती संपादकीय टेबलांवर उघडले जातात ते रोजच्या अंकावरून कळतं.

राजकारणात तर एकाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी आलं की त्याचं वजन बदलतं. ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर हल्ले झाल्यानंतर एप्रिल 2017 मध्ये भाजपचे माजी खासदार तरुण विजय अल जझीरावर म्हणाले की आपण वंशवादी असतो तर दक्षिणेबरोबर कसे राहिलो असतो, आपल्या आजूबाजूला काळी माणसं आहेतच. काँग्रेसने धारेवर धरलं, त्यांनी माफी मागितली. मे 2024 मध्ये काँग्रेसचे सॅम पित्रोदा म्हणाले की पूर्वेकडचे भारतीय चिन्यांसारखे आणि दक्षिणेकडचे आफ्रिकनांसारखे दिसतात. आता संताप भाजपचा होता, पंतप्रधानांनी तो प्रचारसभेत व्यक्त केला, पित्रोदांनी पद सोडलं (आणि निवडणूक आटोपल्यावर परत घेतलं). दोन्ही वाक्यांत चूक एकच होती: बोलणारा स्वतःला मापाच्या बाहेर उभा करून इतरांचे रंग मोजत होता. संतापणारे मात्र आळीपाळीने बदलले. आफ्रिकेसारखं दिसणं हा अपमान का, हे दोन्ही वेळा कुणी फारसं विचारलं नाही.

इथवर वाचून एखादा मराठी वाचक म्हणेल, हे सगळं ठीक, पण आमच्यावर होणाऱ्या अन्यायाचं काय? तमिळ माणूस भाषेसाठी उभा राहिला तर अस्मिता आणि मराठी माणूस उभा राहिला तर संकुचितपणा, असं इंग्रजी-हिंदी माध्यमं लिहितात. ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्यात दम आहे. पण तक्रार जाणवणं आणि ती सिद्ध होणं यांत अंतर आहे, आणि ते दाखवणारा एक प्रयोग सांगायलाच हवा. 1982 मध्ये बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत हत्याकांड झालं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी त्याच्या दूरचित्रवाणीवरच्या बातम्या दोन बाजूंच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि निष्कर्ष 1985 मध्ये छापले. फिती त्याच. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना अरबविरोधी. इतकंच काय, ज्यांना विषयाची माहिती जास्त त्यांची तक्रारही जास्त. शिमग्यातल्या मानपानाच्या भांडणात गावकर बसले की दोन्ही वाड्या ‘पंच त्यांचोच’ म्हणत उठतात, तसाच हा प्रकार.

म्हणून दुटप्पीपणाचा आरोप करताना दोन प्रसंग शेजारी ठेवावे लागतात, आणि ते खरोखर सारखे आहेत का हे बघावं लागतं. आमच्या समुद्रावरच बघा. मालवणचा पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतो आहे की कर्नाटकातले, विशेषतः मलपीचे, मोठे ट्रॉलर आमच्या हद्दीत घुसून मासळी खरवडून नेतात. इथे ‘कर्नाटकचा ट्रॉलर’ हे शब्द बातमीत हवेतच, कारण किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली येते आणि नौकेची नोंदणी कुठली हा गुन्ह्याचाच भाग आहे. पण त्या ट्रॉलरवरचा पकडलेला खलाशी नेपाळचा की झारखंडचा, हे गुन्ह्याला लागत नाही. तो मजुरीवर आहे. आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातल्यावरही दिवे लावणाऱ्या नौकांत स्थानिक मालकांच्या नौका सापडल्या, तेव्हा त्या बातमीत कुठलाच प्रांत नव्हता. ‘नौकेवर कारवाई’ एवढंच.

बाहेरच्या माणसाशिवाय या जिल्ह्याचं आता चालत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. 2001 मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651. देश वाढत असताना आम्ही घटलो. पोरं मुंबई-पुणे-गोव्याला गेली; आंब्याच्या बागांची राखण नेपाळी करतो, चिऱ्याच्या खाणीत कर्नाटकातला कामगार, बांधकामावर बिहार-झारखंडचा. बागेत राबतो तोवर ‘आमचो बहादूर’. कुठे चोरी झाली की पहिली चौकशी त्याचीच.

आणि 2020 मध्ये, कोरोनाच्या साथीत, आम्ही आमच्याच माणसाला परका करून दाखवलं. मुंबईहून चाकरमानी गावी निघाले तेव्हा वाड्यांच्या वाटा अडवल्या गेल्या, ‘मुंबईकरानी रोग हाडलो’ हे वाक्य घराघरांत फिरलं. ज्याच्या मनीऑर्डरीवर गावचं देऊळ उभं राहिलं तो शाळेच्या वर्गात विलगीकरणात बसला. त्याच उन्हाळ्यात देशभरच्या वाहिन्यांवर तबलिगी जमात हा साथीचा चेहरा झाला होता. त्या वर्षी गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती. आदल्या दिवशी, 21 ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या कार्यक्रमाला आलेल्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. यांत टांझानिया, घाना, आयव्हरी कोस्ट, इंडोनेशिया अशा देशांचे लोक होते. माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं, असं न्या. तानाजी नलावडे यांनी निकालपत्रात नोंदवलं. सहन्यायमूर्तींनी निकाल मान्य केला, काही निरीक्षणांशी असहमती मात्र नोंदवली. विषाणू मुंबईकरानेही आणला, जमातवाल्यानेही आणला, विमानाने आलेल्या श्रीमंतानेही आणला. शेवटच्याची जमात कुणी काढली नाही.

शेवटची दोन प्रकरणं खुद्द मालवणची, सहा महिन्यांच्या अंतराची. 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते राजकोटवर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला पुतळा कोसळला. शिल्पकार आणि सल्लागारावर गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. चर्चा कशाची झाली? वाऱ्याचा वेग, गंजलेले नटबोल्ट, काम कुणी दिलं, देखरेख कुणाची. समाजमाध्यमांवर आडनावांची उठाठेव करणारे निघालेच, पण मुख्य प्रश्न कामाचा राहिला. असंच व्हायला हवं होतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या रात्री देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप इथल्याच एका भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबावर झाला. पती-पत्नीला अटक झाली, अल्पवयीन मुलाला ताब्यात घेतलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने अनधिकृत ठरवून दुकान पाडलं. घोषणा दिल्या की नाही हे न्यायालयाने ठरवायचं. पण आरोप होता शब्दांचा, आणि बातम्यांत, नेत्यांच्या संदेशांत त्या शब्दांपेक्षा ठळक होतं ते माणसाचं ‘मुस्लिम’ आणि ‘परप्रांतीय’ असणं. बांधकाम अनधिकृत असेल तर ते आदल्या महिन्यातही अनधिकृतच होतं. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस द्या, आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडू नका; रस्ता-पदपथासारख्या सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण तेवढं अपवाद. मार्च 2025 मध्ये अवमान याचिकेवर त्याच न्यायालयाने नगरपालिकेला नोटीस काढली.

उद्याचा पेपर हातात घ्याल तेव्हा गुन्हेवृत्ताचं पान उघडा. जिथे आरोपीचा प्रांत, धर्म किंवा देश मथळ्यात दिसेल तिथे पेन्सिलीने तो शब्द खोडून त्या जागी ‘मालवणी’ लिहा आणि मथळा मोठ्याने वाचा. संपादकाला पत्र लिहावंसं वाटलं तर लिहा. फक्त मूळचा शब्द ठेवून लिहा.